हौदावर कोण होतं

यंदा थंडी पडलीच नाही. म्हणजे पडल्यासारखी करायची, एक-दोन दिवस ओठ फुटायचे, आणि लगेच ढग परत येऊन डोंगरावर गोधडीसारखे पसरायचे. रात्री अंगावरचं पांघरूण पायाशी लोळायला लागलं, तेव्हाच म्हातारीनं ओळखायला हवं होतं. ओळखलंही होतं. पण ओळखणं वेगळं आणि सगळ्यांसमोर कबूल करणं वेगळं.

घर उतारावर, वर डोंगरातलं शहर, खाली दरी. घराभोवती कॉफीची झाडं, आणि घराच्या खालच्या अंगाला दगडी हौद. फळं तोडून आणायची, हाताच्या यंत्रातून फिरवून साल काढायची, आणि आतल्या बुळबुळीत बिया रात्रभर हौदात आंबत ठेवायच्या. सकाळी हौदात हात घालून मूठभर बिया चोळून पाहायच्या. बुळबुळीत लागल्या तर अजून व्हायच्यात. वाळूच्या खड्यांसारख्या एकमेकींवर कुरकुरल्या की झालं, लगेच बूच काढून धुवायच्या. थोडं आधी धुतलं तर चिकट राहतं. उशीर झाला तर सगळा हौद नासतो, आणि तो नासका वास कॉफी भाजली तरी जात नाही.

हा हात म्हातारीचा होता. नवरा गेला तेव्हा पदरात लहान मुलगा आणि हौद एवढंच उरलं होतं. पण दरीतली माणसं पहाटे येऊन कडी वाजवायची, "मावशी, जरा आमच्या हौदाला हात लावून जाता का?" ती शाल गुंडाळून जायची, कोपरापर्यंत हात बुडवायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "काढा बूच." त्यावर कुणी दुसरा शब्द काढत नसे. तिला दरीत 'हातवाली' म्हणायचे, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात जी मजा असते ती तिला पुरेपूर कळत होती.

हात गेला तो हळूहळू गेला. आधी बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी झाली. मग मुंग्याही गेल्या. सुई टोचली तर रक्त दिसल्यावर कळायचं. मागच्या हंगामात तर तिला हौदात पाणी आहे की बिया आहेत एवढंच कळत होतं. तरी निभावलं, कारण थंडी नेहमीची होती. कोंबडा आरवला, पलीकडच्या टेकडीवर उजेड आला की हौद झालेला असायचाच. ती हात घालायची, डोळे मिटायची, आणि खरं म्हणजे कोंबड्याकडे कान देऊन उजेडाची वाट बघत बसायची.

यंदा रात्री उबदार होत्या, हौद उजेडाआधीच होऊन जात होता. पहिल्या तोडणीच्या वेळी सून अंधारातच उठून हौदावर गेली आणि परत येऊन म्हणाली, "आई, कुरकुरतंय. धुवून टाकूया का?"

म्हातारीनं हात घातला. काही लागलं नाही. उजेडही नव्हता.

"तू सपाटीवरची, तुला काय कळणार ग कुरकुर," ती म्हणाली. "हौद काय आजच बघतेय का मी?"

उजेड आला, तेव्हा बूच काढलं. आंबूस वास आला होता. म्हातारीनं स्वतःला सांगितलं, सालींच्या ढिगाचा असेल.

*

त्या पहिल्या तोडणीच्या बिया वाळल्या, आणि नमुन्याची पिशवी घेऊन तिघं वर शहरात निघाले. मुलानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्यापाऱ्याकडच्या चाखणाऱ्या साहेबांना नमुना पसंत पडला, तर यंदाचं सगळं पीक वेगळं घेणार होते, पोत्यावर त्यांच्या उताराचं नाव घालून. नाही पसंत पडला, तर नेहमीसारखं सगळ्यांच्या ढिगात. दोन वर्षं मुलगा ह्याच गोष्टीमागे होता. झोपेत तो पोत्यावरचं नाव वाचत असेल, असं सून एकदा हसून म्हणाली होती.

जीप माणसांनी आणि कोबीच्या करंड्यांनी गच्च भरली होती. सुनेनं सासूला खिडकीशी बसवलं आणि स्वतः करंडीवर बसली. वळणावळणावर तिचं डोकं टपाला लागत होतं.

"अगं, जरा खाली वाक ना," म्हातारी म्हणाली.

"वाकले तर पोटातलं वर येईल आई. डोकंच बरं."

पुढच्या बाकावर रेडिओ होता. हा दरीतलाच एक बागवाला. त्याला एखादी गोष्ट सकाळी कळली, की दुपारच्या जेवणाला ती सगळ्यांच्या घरी पोचलेली असे, म्हणून रेडिओ. त्याचाही नमुना होता. मागे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही आलात म्हणजे आमचं काही खरं नाही. हातवालीच्या कॉफीपुढे आमची म्हणजे गरम पाणी."

म्हातारीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण ह्या वेळी त्यात मजा आली नाही.

शहर ढगात होतं. चढाचे रस्ते, ओल्या पायऱ्या, दुकानांच्या दारात टांगलेले लोकरीचे मोजे. खालून दिवसभरासाठी आलेली माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून फिरत होती, आणि प्रत्येक वळणावर थांबून ढगाचा फोटो काढत होती. "ढग बघायला एवढं भाडं खर्च करतात," मुलगा म्हणाला, "आपल्याकडे पाठवा म्हणावं, घरात येतात." आज तो मजेत होता.

चाखायची खोली लांबलचक होती. मधोमध उंच टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग, भिंतीला लागून बागवाल्यांसाठी बाक. समोरची भिंत काचेची होती आणि काचेपलीकडे तीच कॅमेरेवाली माणसं उभी होती. एक वाटाड्या त्यांना हातवारे करून समजावत होता. त्यानं बाकाकडे बोट केलं तेव्हा बाकावरची सगळी माणसं उगीचच सावरून बसली.

चाखणारे साहेब बारीक, चष्म्याचे, कपडे अगदी साधे. चमच्यानं घोट घ्यायचे, सुर्रकन आवाज करायचे, डब्यात थुंकायचे, पुढे सरकायचे. एकाही वाटीला चेहरा बदलला नाही. मग एका वाटीपाशी थांबले. पुढे गेले, परत आले. वाकून वास घेतला.

"हा कुणाचा?"

मुलगा उभाच राहिला. "आमचा! आमचा साहेब." कॉलर सारखी करत तो टेबलापर्यंत गेला, आणि म्हातारीला त्याची पाठ दिसली, शाळेत बक्षीस घ्यायला गेला होता तेव्हा दिसली होती तशी ताठ.

"कुजक्या कांद्याचा वास आहे ह्याला," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हौदात राहिलंय जास्त. चांगलंच राहिलंय. फळ उत्तम होतं हो तुमचं, म्हणून वाईट वाटतं. हौदावर कोण होतं?"

खोलीत चमचा ठेवल्याचा आवाज झाला.

मुलानं मागे वळून पाहिलं. आईकडे पाहिलंच नाही, तिच्यावरून त्याची नजर तशीच पुढे गेली. तो खोटं बोलत नव्हता. आईचा हात चुकत नाही, हे त्याला आपला डावा हात डावा आहे इतकं पक्कं माहीत होतं. मग उरलं कोण?

"बायको होती माझी," तो म्हणाला.

"सपाटीवरची आहे साहेब ती," रेडिओ बाकावरून म्हणाला, "तिकडे भिजत घालतात आणि बाजाराला निघून जातात." बाक हसला. फार नाही, पण हसला.

साहेबांनी सुनेला बोलावलं. ती गेली. तिच्या हातात वाटी दिली. "रागावत नाही बाई. पण वास घेऊन ठेवा. पुन्हा आला तर ओळखता येईल." तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि नाकाशी नेली. काचेपलीकडे एका बाईनं कॅमेरा उचलला. फोटो काढून झाल्यावर ती सुनेकडे पाहून गोड हसली. तिला वाटलं असेल, कॉफीवाली बाई आपल्या कॉफीचा सुवास घेतेय.

सुनेनं वाटी खाली ठेवली आणि वळताना सासूकडे पाहिलं. एकदाच. त्या बघण्यात मागणं नव्हतं, नुसतं वाट पाहणं होतं.

"आजी," साहेब म्हणाले, "तुमचा एवढा नावाजलेला हात. आणि तुम्ही हिच्यावर सोडून दिलंत?"

सगळा बाक तिच्याकडे वळला होता, हसायला नव्हे, मानानं.

"वय झालं आता," ती म्हणाली. "सगळीकडे कुठे बघणार."

तोंडातून गेलं ते गेलं. गप्प राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं.

साहेबांनी मान हलवली. हा नमुना ढिगात. पण फळ चांगलं आहे, तेव्हा दुसऱ्या तोडणीचा नमुना आणा, पुन्हा बघू. "फक्त एक करा. बाईंना हौदापासून लांब ठेवा. आजींनाच हात घालू द्या."

"हो साहेब," मुलगा म्हणाला.

*

खाणावळ बस-थांब्याच्या मागे होती. मुलगा जीप ठरवायला गेला. जाताना त्यानं रिकामी पिशवी बायकोच्या पुढ्यात टाकली. पोऱ्या टिनाच्या मगांतून वाफाळतं सार ठेवून गेला. म्हातारीनं आपला मग दोन्ही हातांत घट्ट धरला. काहीतरी धरायला हवं होतं.

सुनेनं तिच्या हातांकडे पाहिलं. पुढे वाकून तिनं तो टिनाचा मग अलगद काढून घेतला, आपल्या शालीच्या टोकानं धरून.

"भाजतंय आई," ती हळू म्हणाली.

म्हातारीनं तळवे उलटे केले. लाल झाले होते. एका ठिकाणी कातडी पांढरी पडून उचलली होती. हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"तुमच्या स्वेटरची बटणं रोज कोण लावतं?"

"मग तिथं बोलली का नाहीस ग?"

सुनेनं पाव मोडला, एक तुकडा सासूपुढे ठेवला. "मला वाटलं, तुम्ही बोलाल."

एवढंच. त्यात टोमणा असता तर म्हातारीनं चारचौघींसारखा उलटा टोमणा मारला असता, त्यात ती कमी नव्हती. पण टोमणा नव्हता. तिनं पाव तोंडात घातला. तो तोंडात फिरत राहिला. मग मुलगा आला आणि म्हणाला, "चला, जीप सुटतेय," आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीसुद्धा लाज वाटली.

उतरताना रेडिओ पुढच्याच बाकावर होता. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी विचारायचं, काय झालं नमुन्यांचं, आणि तो मागे एक नजर टाकून आवाज खाली आणायचा. आवाज खाली आणला तरी 'सून' हा शब्द दर वेळी ऐकू यायचा. सून खिडकीबाहेर पाहत होती. तिनं आता डोकंही वाकवलं होतं.

*

घरी तोडणाऱ्या बायका दुसऱ्या तोडणीच्या टोपल्या ठेवून गेल्या होत्या. दिवस असेपर्यंत मुलानं यंत्राचा दांडा फिरवला. सालींचे लाल शिंतोडे त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उडत होते आणि त्याला बदलायचं भान नव्हतं. सून टोपल्या उचलून ओतायला लागली तसा तो म्हणाला, "हौदाकडे नको जाऊस." ती टोपली तिथेच ठेवून चुलीकडे गेली.

पहाटे अजून तांबडं फुटलं नव्हतं. मुलगा कंदील घेऊन हौदाशी उभा. "आई, बघ."

सून पडवीच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभी होती.

म्हातारीनं बाही वर केली. हात घातला. डोळे मिटले, सवयीनं. रात्र उबदार गेली होती. आत काय होतं? पाणी असेल, बिया असतील, लोणी असेल, काहीही असू शकलं असतं. तिला नुसता आपला दंड कळत होता, जिथपर्यंत ओलं झालं होतं तिथपर्यंत.

"काय?" मुलगा म्हणाला. "थांबायचं?"

"हात मेलाय माझा," ती म्हणाली.

"काय?"

"मागच्या हंगामापासून. काही कळत नाही मला त्यातलं. त्या दिवशी ही अंधारातच म्हणाली होती, धुवूया. मी नको म्हटलं. मीच नासवलं ते."

मुलगा हसला, चुकीच्या जागी हसू येतं तसं. "उगाच तिला पाठीशी घालू नकोस."

तिनं हात बाहेर काढून कंदिलाच्या काचेवर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. मुलानं तिचं मनगट धरून हात ओढला, तोपर्यंत फोडाची कातडी फाटली होती. तो त्या तळव्याकडे बघत राहिला. शेवटी तो हौदाच्या बुचाकडे बघायला लागला.

सून पडवीतून उतरली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं हात बुडवला, बिया चोळल्या.

"काढा बूच. आणखी थांबलात तर हाही जाईल."

त्यानं बूच काढलं. मग तिघंही धूत राहिले, मुलगा फावड्यानं ढवळत, सून पाणी ओतत, म्हातारी डाव्या हातानं वर तरंगणाऱ्या साली वेचत. बिया एकमेकींवर खळखळत होत्या. वास चांगला होता, स्वच्छ, काकडीसारखा. उजेड आला. म्हातारीला हलकं वाटायला लागलं होतं.

"झालं बाई," ती म्हणाली. "बोलले एकदाची. मोकळी झाले."

सुनेनं बादली आदळली. इतक्या वर्षांत तिनं ह्या घरात काहीही आदळलं नव्हतं.

"तुम्ही मोकळ्या झालात आई. मी कुठे झाले? इथे ऐकायला कोण होतं? कोंबड्या? तिथे खोलीभर माणसं होती. माझा फोटो निघाला, तो वास घेताना."

"अगं, तिनं सांगितलं ना आता," मुलगा म्हणाला. "सोड."

"तुम्ही तर बोलूच नका. मला विचारलंसुद्धा नाहीत. साहेबांनी विचारलं, हौदावर कोण होतं, तर तुमचं उत्तर तयार."

तो फावडं घेऊन खळ्याकडे गेला. बिया पसरल्या. पसरलेल्या पुन्हा पसरल्या.

म्हातारीनं तोंड धुतलं. चांगली शाल काढली. स्वेटरची बटणं तशीच उघडी ठेवली, सुनेला हाक मारायची हिंमत झाली नाही. तळव्याला फडकं बांधून वाटेला लागली. मुलगा मागून धावत आला. "आई, थांब, मी येतो बरोबर."

"तू कशाला? तुझं वेगळं आहे. ते तू घरातच, तिच्याशी बोलून कर."

*

चाखायची खोली बंद होती. दाराशी पोती शिवणारी बाई बसली होती. साहेब खाली सपाटीवर गेलेत, आठवड्यानं येतील म्हणाली. "काही निरोप?"

म्हातारी पायरीवर उभी राहिली. जीपमध्ये तिनं सगळी वाक्यं जुळवून आणली होती. "निरोप असा की, हौदावर मी होते."

"बरं," बाई म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला. "कुठल्या हौदावर?"

म्हातारीला हसू आलं आणि रडूही आलं. अख्खी दरी जिचा हात ओळखत होती, तिला इथे एका पायरीवर सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, आणि सांगून उपयोग काय? बाई चांगली होती, पण तिला ना सून ठाऊक, ना नमुना. काचेच्या भिंतीत ढग आणि म्हातारीची शाल एवढंच दिसत होतं.

मग तिला जीपच्या थांब्यावर रेडिओ दिसला. खतासाठी आला होता, पोत्यावर बसून शेंगा सोलत होता. म्हातारी रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काल तू जीपमध्ये सगळ्यांना सांगत होतास ना माझ्या सुनेचं?"

"मी? छे हो मावशी. कुणी विचारलं तर आपलं..."

"ते चूक आहे. नासवलं मी. तिनं सांगितलं होतं वेळेवर, मी ऐकलं नाही. हात गेलाय माझा. हे बघ." तिनं फडकं सोडलं.

रेडिओनं तळवा बघितला आणि मान वळवली. दरीतल्या प्रत्येक घराची भानगड ज्याच्या जिभेवर असायची, त्याला आता शेंगेचं टरफल कुठे टाकावं ते सुचेना. त्याच्या बापाच्या हौदालाही तीच हात लावायची, आणि तो तेव्हा कंदील धरून उभा असायचा.

"जाऊ द्या मावशी," तो पुटपुटला. "मी काही ऐकलं नाही. कुणाला बोलणार नाही, शप्पथ. तुमचं नाव आहे एवढं."

"अरे मेल्या, बोल म्हणून तर सांगतेय! एरवी तुझं तोंड धरायला दोन माणसं लागतात."

"नाही मावशी. हे नाही व्हायचं माझ्याच्यानं."

जीप लागली. तो पोतं टपावर टाकून आज मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तोंड बाहेर करून. जीप भरली. तोडणाऱ्या बायका, कोबीवाला, काल बाकावर हसलेले दोघं. सगळ्यांनी हातवालीला पुढची जागा दिली. एकानं तिचा हात धरून तिला वर घेतलं आणि फडकं बघून म्हणाला, "अरे अरे, भाजलं की काय? सून नाही आली बरोबर? काल फार मनाला लावून घेतलं असेल बिचारीनं. शिकेल हळूहळू."

जीप सुरू झाली होती, इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवत होता. म्हातारी बसली नाही. टपाच्या दांडीला कोपर अडकवून ती माणसांकडे तोंड करून उभी राहिली, उघड्या बटणांच्या स्वेटरात, आणि सांगायला लागली. पहिल्या वळणावर तिचा आवाज फाटला. पुढची माणसं खाली बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बसा हो मावशी, राहू दे." ती बसली नाही. मागून एका बाईनं कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणतेय ती? इकडे काही ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही?" म्हातारी म्हणाली. तिनं घसा साफ केला, आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं, सुरू केलं.